क्लच जड लागतोय

"क्लच जड लागतोय गं हल्ली." बाबा हे म्हणाले तेव्हा २०२४ चे गणपती बसून दोनच दिवस झाले होते. संध्याकाळची आरती नुकती आटपलेली, तबकातल्या कापराचा वास अजून घरात होता आणि मी ओट्यापाशी उभी राहून मोदकपात्राला चिकटलेली उकड खरवडत होते. ते आत्ताच आईला घेऊन राजवाड्यावरनं आले होते, दुर्वा नि फुलं आणायला. अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण गणपतीतला सातारा, दर दहा फुटांवर थांबा, दर दहा फुटांवर क्लच दाबा. पायरीवर बसून डावा गुडघा चोळत होते. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणलं, "बाबा, वय झालं आता. सत्त्याहत्तर पूर्ण झाली, पाय दुखणारच ना." ते नुसतं हं म्हणाले आणि उठून आत गेले. उठताना दाराची चौकट धरली, ते मला न बघता कळलं, कारण आमच्या त्या चौकटीचा आवाज होतो.

प्रेमानंच म्हणाले होते मी ते.

पण त्या एका वाक्यानं पुढं जे जे झालं ते मला अजून नीट गिळता येत नाही. दिवाळीत दादाचा व्हिडिओ कॉल आला, आईनं बोलता बोलता सांगितलं की ह्यांना आता गाडी चालवताना त्रास होतो, दादा म्हणाला मग विकून टाका की, आता रिक्षा काय, ॲपवर गाडी काय, सगळं मिळतंय. विकली नाही कुणी. पण किल्ली दाराजवळच्या खिळ्यावरनं आईच्या कपाटात गेली. हिसकावून घेतली असंही नाही, कुणी एक शब्द मोठा बोललं नाही, नुसती जागा बदलली किल्लीची. आणि बाबांनीही विचारलं नाही की किल्ली कुठंय. रोज सकाळी गाडीवरचं कव्हर काढायचे, पुसायचे, बॉनेट उघडून पाणी बघायचे, परत कव्हर घालायचे. आई आठवड्यातनं एकदा किल्ली द्यायची, मग सेल्फ मारून दहा मिनिटं गाडी नुसती जागेवर चालू ठेवायचे. मला पुण्यात फोनवर हे सगळं आई सांगायची आणि मी म्हणायचे बरंय, वेळ जातो त्यांचा.

गाडी म्हणजे आमची मारुती एट हंड्रेड, १९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, डॅशबोर्डवर चोक ओढायची नॉब असलेली, चार गिअर. बाबांनी २००० साली ओळखीतल्या एकांकडून सेकंडहँड घेतली. वीज बोर्डात वायरमन म्हणून लागलेला माणूस ज्युनिअर इंजिनिअर झाला आणि मग गाडी घेतली, त्या दिवशी आमच्या आळीत पेढे वाटलेले मला आठवतायत. मी तेव्हा एकवीस वर्षांची. क्लच शिकले ती ह्याच गाडीवर, समर्थ मंदिराच्या चढाला. बाबांची पद्धत अशी की शूज काढायचे आणि अनवाणी पायानं शिकायचं. "पायानं ऐक," म्हणायचे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच अगदी केसाकेसानं सोडत यायचा, आणि एका जागी इंजिनाचा आवाज जरासा खाली बसतो, बॉनेट किंचित उचललं जातं, पायाच्या तळव्याला बारीकशी थरथर येते. तिथं पाय थांबवायचा. तो बिंदू. तो सापडला की हँडब्रेक सोडला तरी गाडी मागं जात नाही, जागेवर तरंगते. मला तो बिंदू सापडायला अकरा दिवस लागले आणि ज्या दिवशी सापडला त्या दिवशी बाबा खिडकीतनं बाहेर बघत होते, काही बोललेच नाहीत, नुसतं पुढं एके ठिकाणी उसाचा रस पाजला.

२०२५ च्या जानेवारीत मी आठ दिवस साताऱ्याला होते. आईला यवतेश्वराला जायचं होतं, बरेच दिवस म्हणत होती, तर म्हणलं चल आपल्याच गाडीतनं जाऊ, तीही जरा फिरेल. बाबा म्हणाले मी नाही येत, तुम्ही जा. घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणाला पुढं एसटी आली, तिच्या मागं पहिल्यात, परत दुसऱ्यात, परत पहिल्यात. माझ्या डाव्या मांडीला कंप सुटला. आधी मला वाटलं सवय गेली. पुण्यातली माझी गाडी एएमटी, तिच्यात क्लच असतो पण तो मोटर दाबते, माझ्या डाव्या पायाला सहा वर्षं काहीच काम नाही. पण तिसऱ्या वळणाला गाडी थांबवून पहिला टाकायचा होता, मी पेडल पार तळापर्यंत दाबलं तरी गिअर आत जाईना, नुसता अडून बसला, जोर केला तेव्हा खट् करून गेला. देवळापाशी गाडी लावताना रिव्हर्स टाकला तर असा कर्रर्र आवाज झाला की शेजारी फुलंवाली बाई दचकली. आई देवळात गेली. मी गाडीतच बसून राहिले, खाली सातारा धुक्यात होता, अजिंक्यतारा तेवढा वर आलेला, आणि मी इंजिन बंद करून त्या पेडलवर परत परत पाय ठेवत होते.

जड होता क्लच. खरंच जड होता.

म्हणजे चार महिन्यांपूर्वी एका माणसानं यंत्राबद्दल एक साधं, बरोबर निरीक्षण सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्याच्या गुडघ्याबद्दल समजलो. मला तिथं बसल्या बसल्या आईचं आठवलं. ती दोन वर्षं म्हणत होती जिना चढताना दम लागतो, आम्हीच म्हणायचो वय झालं, एक डॉक्टरही तेच म्हणाले, आणि शेवटी कुठल्याशा दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात निघालं. गोळ्या घेतल्या, तीन महिन्यांत जिना चढायला लागली. तरी आम्ही शिकलो नव्हतो. वय हे उत्तर एवढं सोपं असतं, पटकन देता येतं, समोरच्यालाही नाही म्हणता येत नाही कारण वय तर झालेलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, बाबा फिरायला गेलेले, आईकडनं किल्ली घेतली आणि त्यांनीच कधीकाळी शिकवलेल्या क्रमानं बसले एकेक बघत. क्लचचे आजार मुळात दोन जातीचे. एक, तो नीट धरत नाही, म्हणजे स्लिप मारतो, ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं पण गाडी उचल घेत नाही, चढाला जळका वास येतो. दुसरा, तो नीट सोडत नाही, म्हणजे पेडल दाबलं तरी क्लचची प्लेट फ्लायव्हीलपासून, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, पुरती सुटत नाही, फिरतच राहते आणि गिअर पडत नाही. दोन्ही उलट आजार आहेत आणि लोक दोन्हीला क्लच गेला असंच म्हणतात. धरतोय का बघायला सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढला, पुढं कुणी नाही बघून तिसरा गिअर टाकला, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडला. प्लेट चांगली असेल तर इंजिनाला मान टाकून बंद पडावंच लागतं. स्लिप असेल तर ते मजेत चालू राहतं. आमचं बंद पडलं, एका झटक्यात. ही तपासणी एकदाच करायची, परत परत केली तर आपणच प्लेट जाळतो. म्हणजे प्लेट चांगली होती.

मग सोडतोय का ते. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते, चालू केलं की अडायला लागले. ह्याचा अर्थ गिअरबॉक्स शाबूत आहे, भानगड क्लच सुटण्यात आहे. रिव्हर्सची परीक्षा तर सगळ्यात खरी. पुढच्या गिअरना सिंक्रोमेश असतं, ते वेगातला फरक सांभाळून घेतं, झाकून नेतं. रिव्हर्सला असलं काही नसतं, दात सरळ दाताला भिडतो. म्हणून न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबायचा, मनात पाच आकडे मोजायचे, तेवढ्यात आतला शाफ्ट थांबायला पाहिजे, आणि मग रिव्हर्स टाकायचा. थांबला असेल तर गुपचूप पडतो. आमचा कर्रर्र. आवाजही ऐकले, पेडल दाबल्यावर गुरगुर येत असेल तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या तोंडाचं बेअरिंग, पण आमच्याकडं दोन्ही नव्हतं. गाडी उचलताना थडथडतही नव्हती, म्हणजे प्लेटवर ऑइल आलेलं नाही.

राहिलं ते जडपण. त्यातही एक गोष्ट हाताला लागली जी पायाला कळली नव्हती. खाली वाकून हातानं पेडल दाबलं आणि सोडलं, तर ते दाबताना जड पण परत येताना आळशी. क्लच प्लेटला दाबून धरते त्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक झाली असती तर पेडल जड झालं असतं खरं, पण परत येताना तेवढ्याच जोरानं उसळलं असतं. हे रेंगाळत येत होतं, शेवटच्या दोन इंचात तर चिकटल्यासारखं. म्हणजे मधे कुठंतरी घासतंय, अडतंय. मधे काय आहे तर क्लच वायर. ह्या गाडीत क्लचला तेल नाही, सिलिंडर नाही, पेडलपासून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत एक पोलादी वायर, तिच्यावर प्लास्टिकचं अस्तर, वरनं नळी. बास एवढंच.

गॅरेजला नेली. मिस्त्री बॉनेट उघडून म्हणाले, "वायर गेलीय ताई, अर्ध्या तासाचं काम आहे." मला एकदम हलकं वाटलं. वायर काढताना त्यांनी एक चांगली गोष्ट केली, लिव्हरपासनं वायर सोडवली आणि मला म्हणाले आता पेडल दाबून बघा. पलीकडं काही जोडलेलंच नाही तरी पेडल जड. मग स्वतः लिव्हर हातानं ढकलून दाखवली, ती व्यवस्थित हलत होती. म्हणजे माझा अंदाज बरोबर. नवीन वायर घातली, टोकाचा नट फिरवून फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, बोटभर ठेवला. पेडल असं हलकं झालं की मला हसूच आलं. फ्री प्ले का ठेवायचा तर अजिबात नसला की बेअरिंग कायम प्लेटला टेकून राहतं आणि क्लच स्लिप मारायला लागतो, फार जास्त असला की पेडल तळाला गेलं तरी प्लेट सुटत नाही. निघता निघता, का कोण जाणे, मी जुनी वायर मागून घेतली. मिस्त्री म्हणाले, "काय करणार तिचं? ह्या वायरी डुप्लिकेट येतात हल्ली, टिकत नाहीत."

घरी आले तर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. मी म्हणलं, "बाबा, क्लच जड होता. वायर गेली होती." हे म्हणताना मला त्यांच्याकडं बघता येईना. ते म्हणाले, "हं." मग हात पुढं केला, "वायर बघू." चष्मा वर सरकवला. वायर हातात घेऊन तिची लांबी पारखली, मग दोन्ही टोकं धरून आतली तार ओढून बघितली. अडली. नळीचं टोक नाकाजवळ नेलं. माझ्या लहानपणी ते जळालेली मोटर अशीच हुंगायचे, वाइंडिंग गेलंय का नुसतं बेअरिंग, वासावरनं सांगायचे. पक्कड मागवली, नळी चिरली. आतलं पांढरं अस्तर ठिकठिकाणी वितळून तारेला चिकटलेलं, दोन ठिकाणी काळं पडलेलं.

"ही घासलेली नाही," बाबा म्हणाले. "ही भाजलीय."

मला कळेना. क्लचच्या वायरीला भाजायला काय आहे, ती सायलेन्सरजवळनं पण जात नाही. त्यांनी मला आतनं वही आणायला सांगितली. गाडीची वही, निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या दिवसापासनं आहे, पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती, ऑइल कधी बदललं, पंक्चर कुठं काढलं, सगळं त्यात. ती वही मी कधी उघडून वाचली नव्हती. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचून दाखवलं. क्लच वायर बदलली, २०११. ती बारा वर्षं टिकली. मग मार्च २०२३, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअरबॉक्स खाली घेतला. त्यानंतर वायर, नोव्हेंबर २०२३. परत वायर, जून २०२४. आणि खाली, सप्टेंबरात, त्यांच्या त्या बोर्डाच्या रजिस्टरला असतं तसल्या गोल अक्षरात, एकच ओळ. क्लच पुन्हा जड. बघणे.

त्या 'बघणे' वर माझी नजर अडकून राहिली. त्याच्यापुढं दोन पानं कोरी होती.

"सेल्फ मारताना गाडी रडत फिरते का?" बाबांनी विचारलं. म्हणलं हो, जरा हळू फिरते, मला वाटलं बॅटरी जुनी झाली. "आणि चोकची नॉब? सेल्फ मारल्यावर कोमट लागते का हाताला?" आता हे मात्र खरं होतं. थंडीत दोन तीनदा मला ती नॉब कोमट लागली होती आणि मी तिकडं लक्षही दिलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच वर्षांनी बघितलं, बोर्डात असताना रात्री फॉल्ट सापडला की घरी येऊन पाणी पिताना असायचं तसं. म्हणाले, "अर्थ तपास, अर्थिंग. इंजिनाचा अर्थ गेलाय."

मग मला समजावून सांगायला लागले, खुर्चीच्या हातावर बोटानं रेघा मारत. सेल्फ फिरवायला करंट लागतो शंभर अँपिअरच्याही वर. तो बॅटरीच्या प्लसपासनं जाड वायरीनं सेल्फला जातो, पण जाऊन भागत नाही, परत यायला लागतं. इंजिन बसलंय रबरी माउंटिंगवर, बॉडीला लोखंडानं लोखंड कुठं टेकत नाही, म्हणून बॅटरीच्या मायनसपासनं एक जाड अर्थची वायर गिअरबॉक्सच्या कवचाला जोडलेली असते. ती सैल झाली, गंजली, तर करंट थांबणार आहे का? तो दुसरी वाट शोधणार. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारं धातूचं आणखी काय काय आहे? ॲक्सिलरेटरची वायर, चोकची वायर, क्लचची वायर. दर वेळी सेल्फ मारला की तो सगळा करंट त्या बारक्या तारांमधनं परत येतो, तारा तापतात, आतलं अस्तर जरा जरा वितळतं. नवीन वायर टाकली की चार सहा महिने बरं, मग परत तेच. "पोलवर न्यूट्रल तुटला की कसं होतं," ते म्हणाले, "एका घरात बल्ब उडतात, दुसऱ्या घरात मिणमिणतात, आणि लोक बल्ब बदलत बसतात. बल्बाचा काय गुन्हा. करंटला परतायला वाट पाहिजे गं."

बोर्डाचं विभाजन झालं त्याच वर्षी, २००५ ला, बाबा रिटायर झाले. म्हणजे तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मल्टिमीटर त्यांच्या ट्रंकेत सगळ्यात वर होता, सेल काढून ठेवलेला, वायरी गुंडाळून रबर लावलेलं. त्यांनी डिस्ट्रिब्युटरवरची कॉइलची वायर काढून बाजूला ठेवली म्हणजे गाडी सुरू होणार नाही, नुसता सेल्फ फिरेल. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनावरच्या उघड्या धातूला. मला म्हणाले मार सेल्फ. मी मारला आणि मान बाहेर काढून आकडा वाचला. तीनच्या वर. अर्थ नीट असेल तर तिथं अर्धा व्होल्टसुद्धा पडायला नको, बाबा म्हणाले, आणि हे बोलताना हात पुसायला फडकं शोधत होते, म्हणजे पुढच्या कामाला लागले होते. बॅटरीखाली वाकून हात घातला तर गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट हातानंच फिरला, पाना लागलाच नाही. टोकाला हिरवट पांढरी पूड, आणि वायसर मातीच्या थरावर बसवलेला. मार्च २०२३ ला गिअरबॉक्स काढून परत चढवताना ती जागा घासून घ्यायची राहिली असणार, आणि मग साताऱ्याचे दोन पावसाळे. तेवढी पाच मिनिटं कुणाची तरी वाचली होती.

काच पेपरनं मी ती जागा चमकेपर्यंत घासली. बाबांना खाली वाकवत नव्हतं, ते वरनं टॉर्च धरून उभे होते आणि मधेच म्हणायचे, "कडेला राहिलंय." वायरीच्या टोकाचा लग, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, नवीन लावून आणला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. परत मीटर, परत सेल्फ. शून्य पॉइंट दोन. आणि सेल्फ असा गर्रकन फिरला की आई आतनं विचारायला आली काय झालं. सगळं मिळून खर्च अडीचशे रुपये झाला, लग आणि थोडी वायर. ही गाडी बनायची २०१४ च्या जानेवारीतच बंद झाली, तरी पार्ट अजून कुठंही मिळतात, आणि इथं तर पार्टसुद्धा नको होता.

हे सगळं झाल्यावर मी जो प्रश्न टाळत होते तो आईनंच विचारला. "मग आता हे चालवणार का?" बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही, आईकडंही नाही. मी किल्ली पुढं केली. मनात भीती होती, खोटं कशाला सांगू, क्लच हलका झाला म्हणून गुडघा बरा झालेला नव्हता. त्यांचा डावा गुडघा खरंच झिजलाय, एक्सरे मी स्वतः बघितलाय. मी म्हणलेलं वाक्य अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्या खरेपणाचाच मला जास्त त्रास होतो, सपशेल चूक असते तर माफी मागून मोकळी झाले असते.

बाबा बसले. चप्पल काढून बाहेर ठेवली. सीट एक खाच पुढं घेतली. क्लच तीनदा नुसताच दाबून सोडला, तिसऱ्यांदा अगदी सावकाश, आणि मान डावीकडं झुकवून थांबले. रिव्हर्स टाकला, आवाज नाही. गेटमधनं मागं काढली, आळीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. मी फुटपाथवर उभी. येताना कोपऱ्यावर एक पोरगं सायकल घेऊन आडवं आलं, तिथं त्यांनी थांबवली आणि निघताना गाडीला हिसका बसला, छोटासाच. तो हिसका मला दिसला आणि मला दिसला हे त्यांनाही दिसलं. घरापाशी आले, इंजिन बंद केलं नाही, दार उघडून पाय बाहेर टाकला, दाराला धरून उभे राहिले. "झक्कास झालाय क्लच," म्हणाले. मग जरा थांबून, "चल तू घे, यवतेश्वराला जाऊन येऊ. चढाला बघितल्याशिवाय काय कळत नाही."

चार वाजून गेले होते, घाटात ऊन तिरपं झालेलं आणि कठड्यावर माकडं बसलेली. बाबा शेजारच्या सीटवर, काच खाली करून कोपर बाहेर. चढाला वास आला तर क्लच, उताराला आला तर ब्रेक, हे ते मी शिकत होते तेव्हापासनं सांगतात, तर मधेच नाक वर करून हुंगायचे. वास कसलाच नव्हता, वाळलेल्या गवताचा तेवढा. मी पण चप्पल काढून ठेवली होती. दुसऱ्या वळणाला गिअर उतरवताना माझं लक्ष त्यांच्या पायाकडं गेलं. डावा पाय, पुढच्या मॅटवर, मी क्लच दाबला तसा तोही दाबला गेला, मी सोडला तसा हळूहळू वर आला. त्यांना ते माहीत नसावं, ते खाली दरीकडं बघत होते. तिसऱ्या वळणाला पुढं ट्रक होता, मी जरा ताणत राहिले, म्हणलं दुसऱ्यातच निघेल. इंजिन गुदमरायला लागलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचा पाय मात्र मॅटवर आधीच दाबलेला होता, माझ्यासाठी थांबलेला.

मी क्लच दाबला आणि पहिला टाकला.